पाच एमएल म्हणजे नक्की किती?

रात्रीचे दीड वाजलेले, बाहेर न्यू जर्सीचा बर्फ आणि आमचं तीन वर्षांचं पोर तव्यासारखं तापलेलं. थर्मामीटर 102.8. टायलेनॉलची, म्हणजे इथल्या तापाच्या औषधाची, बाटली उघडली तर तळाशी दोन थेंब. नवरा जॅकेट चढवून फार्मसीत निघणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं थांब, साताऱ्याहून आणलंय की मी तापाचं औषध, तेच असतं सगळं." आणि बॅगेतून पॅरासिटामॉलचं सिरप काढलं.

तसं त्यांचं चुकत नव्हतं. टायलेनॉलमध्ये असतं त्याला इथे ॲसिटॅमिनोफेन म्हणतात, ते आपलं पॅरासिटामॉलच. फ्रीजवर डॉक्टरांकडचा तक्ता लावलेला होता, 24 ते 35 पाउंड वजनाला 5 एमएल, आमचा 31 पाउंड म्हणजे 14 किलो, मी सिरिंज भरली पण. पण संध्याकाळी त्याला उलटी झाली होती म्हणून एकदा डॉक्टरांच्या नर्स लाइनला फोन लावला, नाहीतर दिलंच होतं.

नर्सने आधी वजन विचारलं, मग म्हणाली बाटलीवरचं वाचून दाखव. 5 एमएलमध्ये 250 मिलिग्राम. ती क्षणभर गप्प. इथलं मुलांचं लिक्विड 5 एमएलमध्ये 160 मिलिग्रामचं असतं, तक्ता त्याचाच! किलोमागे 10 ते 15 मिलिग्राम धरलं तर आमच्या पोराला 140 ते 210, आणि माझ्या सिरिंजमध्ये होतं 250. एका डोसने लगेच काही होत नसतं म्हणे, पण तेच दर चार तासांनी देत राहिलो असतो तर लिव्हरशी गाठ. तिने 3 एमएल द्यायला सांगितलं. मला दरदरून घाम.

आणि हा गोंधळ फक्त इथला-तिथला असा नाहीये बरं का. आपल्याकडेच सिरप 120 चं पण मिळतं आणि 250 चं पण, आणि तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स तर एका एमएलमध्ये 100 चे असतात! अमेरिकेतही आधी बाळांचे ड्रॉप्स जास्त स्ट्राँग असायचे, आईबाप गडबडायचे, मग 2011 मध्ये कंपन्यांनी मुलांचं सगळं लिक्विड 160 वर आणायचं ठरवलं. आयबुप्रोफेन या तापाच्या दुसऱ्या औषधाचं मात्र अजून तसंच आहे, बाळांचं 1.25 एमएलमध्ये 50 आणि मोठ्या मुलांचं 5 एमएलमध्ये 100, म्हणजे बाळांचंच दुप्पट स्ट्राँग, कोणाच्या डोक्यातून निघालं असेल देव जाणे. (सहा महिन्यांच्या आत ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचंच नाही.)

चहाचा चमचा तर मी तेव्हापासून औषधाजवळ फिरकू देत नाही, कुठला चमचा 3 एमएलचा निघतो कुठला 7 चा. सर्दीच्या रंगीत बाटल्यांपासूनही लांबच, त्यातल्या कितीतरींमध्ये ॲसिटॅमिनोफेन गुपचूप असतं, वरून तापाचं दिलं की डबल डोस, आणि चार वर्षांखालच्यांना देऊ नका असं लेबलवरच छापलेलं असतं. ॲस्पिरिन मुलांना नाहीच, व्हायरल तापात त्याने रेज सिंड्रोमचा (मेंदू आणि लिव्हरवर घाला घालणारा गंभीर आजार) धोका असतो. आणि तीन महिन्यांच्या आतलं बाळ 100.4 ला गेलं तर औषध शोधत बसायचं नाही, सरळ डॉक्टरांना फोन.

सासूबाई पहिले दोन दिवस जरा रुसल्याच, "आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?" मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या होत्या त्यांना, मी म्हटलं आई, पोर झोपलंय ना शांत, मग आकडा 101 असला तरी उठवून काही करायचं नाही. ते त्यांना अजिबात पटलं नाही, तासभर उशाशी बसून होत्या.

आता फ्रीजवर तक्त्याशेजारी एक कागद असतो, वेळ, एमएल आणि कोणी दिलं ते. परवा त्यावर सासूबाईंच्या अक्षरात दिसलं, "पहाटे 4.10, 160 वालं, 5 एमएल, मी."