बर्मा नव्हे, इटली

मंगळवार. भर वैशाख.

आज भडगावकडच्या एका गावात दुसऱ्या महायुद्धातल्या एका शिपायाची पेटी उघडली. ऊन कलल्यावर निघणार होतो, पण घरची मंडळी दुपारीच जमून बसलेली. धाब्याचं घर, आत गारवा, वरून अधूनमधून माती गळते. जुन्या फोटोंचा जीव घ्यायला ही माती आणि कसर पुरेशी असते.

फोटो देवळीत, काचेवर कुंकू. अर्धी चड्डी, टोपीवर बिगुलाचा बिल्ला. म्हणजे बहुधा मराठा लाइट इन्फंट्री, पायदळाची रेजिमेंट. "मन्हा सासरा. बर्माले व्हतात ते," जीजी म्हणाल्या.

फोटोचा कोपरा काचेला चिकटलाय. नातू सुरी घेऊन आला आणि मी ओरडलोच. कॉलेजात असताना माझ्याच आजोबांचा फोटो मी ओल्या फडक्याने पुसला होता. वरचा थर जिलेटिनचा, पाण्याने मऊ पडतो, हे तेव्हा कुठे ठाऊक! आजोबांचं कपाळ फडक्यावर उतरलं. तेव्हापासून चिकटलेला फोटो मी काचेसकटच कॅमेऱ्यात टिपतो. सावलीत, जरा तिरपा धरून. नाहीतर काचेत आपलंच तोंड येतं. मागची बाजूही टिपायची, मजकूर बहुधा तिथेच असतो. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच, एवढं बजावून ठेवलं. कुंकवाबद्दल काही बोललो नाही. ते काचेवर आहे, आणि माझ्या आधीपासून आहे.

पेटीच्या तळाशी चिंधीत सहा टोकांचा तारा निघाला, युद्धाचं पदक. दर दसऱ्याला राखेने घासून लखलखीत केलेला. रिबीन विटलीय, तरी लाल, पांढरा, हिरवा ओळखू येतात. भिंग लावलं: 'द इटली स्टार', म्हणजे इटलीच्या आघाडीवरच्यांना मिळालेला. एवढी वर्षं या घरात बर्मा चालला होता!

ब्रिटिश शिपायांना हे तारे बिननावाचे मिळाले. हिंदी शिपायांच्या ताऱ्यांमागे नंबर आणि नाव कोरलेलं असतं. नुसत्या नावाने भागत नाही, खानदेशात पाटील काय कमी आहेत? लष्करातला नंबर हवा. आणि नेमके त्याचेच शेवटचे दोन आकडे राखेने खाल्लेले.

दुसऱ्या महायुद्धात २५ लाखांवर हिंदी सैनिक होते. जे ८७ हजार गेले, त्यांची नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत घरबसल्या सापडतात. जो जिवंत परतला आणि कपाशी लावायला लागला, त्याच्यासाठी अशी यादी नाही. त्याची पेटी, आणि रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात असलाच तर एखादा कागद. अर्ज नातवाच्या सहीने लिहून ठेवलाय. मागच्या दोन आकड्यांच्या जागी मी पेन्सिलीने टिंबं दिलीत.

निघताना जीजींना इटली म्हणजे कुठे ते सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतलं, तारा चिंधीत गुंडाळला.

"तठे कपाशी पिकस का, भाऊ?"