समासातली नोंद

आज एका काकांचा बार्थेल इंडेक्स काढला, म्हणजे जेवण, कपडे, चालणं अशी रोजची कामं माणूस स्वतः किती करतो याचे गुण. १०० पैकी ९५. कागदावर माणूस जवळजवळ स्वावलंबी. मग म्हटलं, काका, शर्टाची बटणं लावून दाखवा. हातात ताकद आहे, पण स्ट्रोकनंतर स्पर्शच कळत नाही. म्हणून नजर सतत बोटांवर. गळ्याजवळचं बटण दिसेना, तिथेच गाडी अडली. कागदी पेला दिला, तो चेपलाच! पकड किती घट्ट झालीय हे बोटं सांगतच नाहीत ना. खिशात किल्ली शोधताना हाती आला रुमाल.

‘स्वतः जमतं, मदतीने जमतं की जमतच नाही’ एवढंच विचारणाऱ्या तक्त्यात हे कुठे बसवू? शेवटी समासात खरडलं: ‘जमतं, पण बघून. वेळ तिप्पट.’

काकू म्हणाल्या, “अहो, तेच तर मी कधीची सांगतेय!”