टाचेवरचे भोक

नाशिकच्या गंगापूर रोडवरून सायकलने निघायचे आणि त्र्यंबकेश्वरला जाऊन परत यायचे, असे जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर, हा माझा रविवारचा ठरलेला क्रम आहे. गेल्या वर्षी पाडव्यापासून दिवाळीपर्यंत या क्रमात माझे मोज्यांचे चार जोड फाटले. पहिले तीन साधे सुती होते, त्यामुळे दोष मी कापडाला दिला. सुती मोजा घाम शोषून ओलाच राहतो आणि ओले कापड लवकर झिजते, हे खरेही आहे. म्हणून चौथ्या वेळी मेरिनो लोकर आणि नायलॉनच्या मिश्रणाचा महागडा जोड घेतला. लोकर घाम जिरवते आणि नायलॉन घासणी सोसते, त्यामुळे हा जोड टिकेल अशी माझी खात्री होती. तो दोन महिन्यांत गेला.

तेव्हा कुठे फाटके मोजे शेजारी शेजारी मांडून पाहण्याची बुद्धी झाली. चारही जोडांत भोक उजव्याच मोज्याला, टाचेच्या मागच्या बाजूस, एकाच उंचीवर पडले होते. शालिमारजवळ बसणाऱ्या चप्पल-बूट दुरुस्त करणाऱ्या काकांनी बुटात बोट फिरवले आणि म्हणाले, “साहेब, मोजे कशाला बदलता? बूटच खातोय त्यांना.” टाचेकडचे अस्तर फाटून आतल्या कडक प्लास्टिकची कड उघडी पडली होती. पॅडलच्या मिनिटाला ७५ फेऱ्या धरल्या, तरी ती कड तासाला साडेचार हजार वेळा मोज्यावर घासत असणार. काकांनी तिथे मऊ कातड्याचा तुकडा चिकटवून दिला आणि मुख्य प्रश्न तिथेच मिटला.

उरलेला दोष मात्र माझ्या धुण्याच्या पद्धतीत होता. चिखलाचे मोजे मी टॉवेलांबरोबर कढत पाण्यात भिजवत असे, वर थोडे ब्लीच आणि शेवटी सुगंधासाठी फॅब्रिक कंडिशनर घालत असे. मोज्याला ताण देणारा इलास्टेनचा धागा उष्णतेने आणि ब्लीचमधल्या क्लोरीनने कमकुवत होतो, कंडिशनरचा थर धाग्यांवर बसून घाम बाहेर टाकण्याचे काम मंदावतो आणि गरम पाण्यात चोळलेली लोकर आटून घट्ट होते, हे सगळे मला उशिरा कळले. आता घरी आल्याबरोबर मोजे उलटे करून झटकतो, कारण टाचेच्या आतली बारीक रेती पॉलिश पेपरसारखेच काम करते, आणि साध्या पाण्यात सौम्य साबणाने धुतो. मशीनमध्ये टाकायचे झाल्यास जाळीच्या पिशवीत टाकतो. सायकलिंगच्या हातमोज्यांचे वेल्क्रो त्याच धुण्यात मोकळे फिरले की मोज्यांवर गोळे आणि ओढलेले धागे दिसू लागतात, हा धडा एका नव्या जोडाने शिकवला.

खरी परीक्षा पावसाळ्यात असते. आषाढात अंजनेरीच्या पुढे हमखास भिजायला होते आणि घरी आठवडाभर ऊन नसते. पूर्वी मी मोजे पिळून फ्रीजमागच्या उबेत टाकत असे. आता पिळत नाही. कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबतो आणि पंख्याखाली सावलीत वाळवतो. चिमटा वरच्या इलॅस्टिकला लावत नाही, चवड्याकडे लावतो. दोन लांब राइडना लागोपाठ एकच जोड वापरत नाही. लोकरीचे मोजे न धुता कपाटात गेले तर कसर लागते, त्यामुळे तेवढी शिस्त पाळावीच लागते.

महागड्या जोडाची टाच रविवार कारंजाजवळ रफू करून घेतली. रफूची गाठ आत राहिली असती तर टाचेला फोड आला असता, म्हणून ती बाहेरच्या बाजूस ठेवायला सांगितले. तोच जोड घालून या हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केली. टाच शाबूत आहे. भोक या वेळी अंगठ्याला पडले, कारण आदल्या रात्री नख कापायचे राहून गेले होते.