पुण्यातल्या रस्त्यांसाठी टीटीचं सस्पेन्शन : माझा अनुभव

माझी ऑडी टीटी दुसऱ्या पिढीची, सेकंडहँड घेतलेली. इंजिन ठणठणीत होतं, पण शॉकअप थकले होते. पिरंगुट ओलांडून ताम्हिणीकडे निघालं की एका खळग्यानंतर गाडी उगाच दोनतीनदा डुलायची आणि वळणात मध्येच उंचवटा आला तर मागची बाजू हलकीच सरकायची. शॉकअप बदलणं भागच होतं, म्हणून ॲडजस्टेबल कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच, घ्यायचं ठरवलं.

कॉइलओव्हर म्हटलं की बहुतेकांना गाडी खाली बसवायची असते. मला उंची जवळजवळ मूळचीच हवी होती. टीटीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. अशी गाडी खूप खाली घेतली की खालचा आर्म (चाकाला धरणारा दांडा) चाकाकडे वर चढायला लागतो आणि रोल सेंटर, म्हणजे वळणात बॉडी ज्याभोवती झुकते तो बिंदू, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे वळणात बॉडीला झुकवणारी तरफ. ती लांबली की गाडी दिसायला बसकी, पण झुकायला आणखी तयार. मग तो झुकाव आवरायला आणखी कडक स्प्रिंग लागते आणि चाकाला वर यायला जागाही कमी उरते.

त्यात आपले स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, ताशी २५ किलोमीटरने निवांत पार होईल असा. पाषाण-बाणेरच्या गल्ल्यांमध्ये सोसायट्यांच्या दारात जे असतात ते अरुंद आणि उभट असतात. तिथे प्रत्येक मिलिमीटर मोलाचा.

किट निवडताना नेमकं काय बदलता येतं हे आधी पाहिलं. बिलस्टीन कंपनीच्या बी१४ मध्ये फक्त उंची बदलते. बी१६ मध्ये एकच नॉब असतो, दहा पायऱ्यांचा, आणि तो रिबाउंड (स्प्रिंग उलगडताना शॉकअपचा अवरोध) व कॉम्प्रेशन (दाबली जातानाचा) दोन्ही एकदम बदलतो. केडब्ल्यूच्या व्ही१ मध्ये उंची, व्ही२ मध्ये उंची आणि रिबाउंड, व्ही३ मध्ये कॉम्प्रेशनही वेगळं. मी व्ही२ घेतलं. व्ही३ नको, कारण दोन नॉब एकमेकांत गुंतले की रस्त्यावर नेमका कशाचा परिणाम जाणवतोय हे कळेनासं होतं. ते काम ट्रॅकवर, एकाच वळणावर पुन्हापुन्हा जाऊन करायचं. शिवाय व्ही२ची बॉडी स्टेनलेस स्टीलची आहे. चार महिने चिखलपाण्यात राहणाऱ्या गाडीच्या, उंची बदलायच्या आट्यांसाठी हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

स्प्रिंगच्या आकड्यांवरून बरेच जण घाबरतात, विशेषतः मागचे आकडे पाहून. टीटीला मागे स्प्रिंग शॉकअपवर नसते, ती वेगळी, खालच्या आर्मवर, चाकापासून आत बसते. त्यामुळे चाकापाशी जाणवणारा ताठपणा तरफेच्या गुणोत्तराच्या (चाक हलतं त्याच्या तुलनेत स्प्रिंग किती दबते) वर्गाने कमी होतो. गुणोत्तर ०.६५ धरलं तर वर्ग ०.४२, म्हणजे ६० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग चाकापाशी २५चीच उरते. बॉडी किती वेगाने वर-खाली होते हे या आकड्यावर आणि त्या कोपऱ्यावरच्या वजनावर ठरतं. घरगुती गाड्या साधारण १ ते १.५ हर्ट्झच्या (सेकंदाला तितके हेलकावे) आसपास असतात. रोज वापरायच्या गाडीत २च्या वर जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

बसवण्याचं काम भोसरीतल्या एका गॅरेजमध्ये केलं. तिथले मिस्त्रीकाका जुन्या पिढीतले, हात घाईचा नाही. स्ट्रट नकलच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) खोबणीत घट्ट बसलेला असतो, तो हातोड्याने ठोकायचा नसतो. खोबण फाकवायचं हत्यार वेगळं मिळतं. ते त्यांच्याकडे होतं, तेव्हाच मी निर्धास्त झालो.

मी मात्र एका गोष्टीचा हट्ट धरला. आर्मचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. आर्मचे रबरी बुश बोल्ट आवळताना ज्या कोनात असतील, तोच त्यांचा आरामाचा कोन होतो. चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी जमिनीवर आल्यावर ते कायम पिळलेले राहतात, आधी राइड कडक होते आणि मग बुश फाटतात. काका म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, पण एवढा वेळ कोण देतं, साहेब?" आम्ही दिला. चाकाखाली आधार देऊन, वजन उतरवून, टॉर्क पान्याने.

उंची मोजायची ती चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं की टायरमधल्या हवेचा फरक त्यात मिसळतो. नवी स्प्रिंग थोडी बसते, म्हणून काही दिवस गाडी चालवून उंची पुन्हा पाहिली आणि मगच अलाइनमेंट केली. ड्रायव्हरच्या सीटवर माझ्या वजनाइतकी पोती ठेवायला लावली. मागे कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) आणि टो (चाक आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन) दोन्ही बदलता येतात. पुढे मात्र कॅम्बरसाठी सबफ्रेम (आर्म ज्यावर बसतात ती चौकट) थोडी सरकवता येते एवढंच, आणि त्याने दोन्ही बाजू सारख्या होतात, एकूण कॅम्बर वाढत नाही. त्यानंतर हेडलाइटची पातळी. झेनॉन दिव्यांचा सेन्सर सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेला असतो. उंची बदलली की त्याला नवी शून्य पातळी शिकवावी लागते. नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात.

कायद्याचंही पाहिलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलापासून दूर नेणाऱ्या बदलांबाबत कडक आहे. मूळ उंचीजवळ राहण्याचं तेही एक कारण. विमा कंपनीला लेखी कळवलं आणि जुने शॉकअप गुंडाळून ठेवले.

खरा वेळ गेला रिबाउंडमध्ये. दाबलेली स्प्रिंग किती सावकाश उलगडू द्यायची, हे तो नॉब ठरवतो. घट्ट केला की पसरणी घाटाच्या वळणांत गाडी एकदम तल्लख वाटते. मग भुगावच्या बाजूला रम्बलरच्या (रस्त्यावरच्या आडव्या उंच पट्ट्यांच्या) ओळी लागतात आणि सगळं कळतं. एका पट्टीवर दाबलेली स्प्रिंग पूर्ण उलगडायच्या आत पुढची पट्टी येते. प्रत्येक पट्टीला गाडी थोडी खाली सरकते आणि शेवटी बंपस्टॉपवर (शॉकअपचा प्रवास थांबवणाऱ्या ठोकळ्यावर) आपटते. आत बसणाऱ्याला वाटतं स्प्रिंग फार कडक आहे. प्रत्यक्षात स्प्रिंगला सुटायला वेळच मिळत नसतो. याउलट नॉब फार सैल केला की खळग्यानंतरचं ते जुनं डुलणं परत येतं.

म्हणून रम्बलरलाच मी माझी कसोटी केलं. क्लिक नेहमी पूर्ण घट्ट स्थितीपासून मोजायचे, एका वेळी एकाच टोकाचे बदलायचे, थंड टायरमधली हवा आधी तपासायची आणि सगळं वहीत लिहायचं. आधी पुढची बाजू सैल करत गेलो, आपटणं थांबेपर्यंत. मग मागची तिच्या जोडीला आणली, म्हणजे उंचवट्यावरून जाताना पुढचं आणि मागचं टोक मिळून स्थिरावतात. घाटासाठी दोन्हीकडे एखाददुसरा क्लिक घट्ट करायला जागा ठेवली आहे, पण तशी गरज मला क्वचितच भासते; सैल बाजूच्या सेटिंगमध्ये टायर खडबडीत डांबर सोडत नाहीत, आणि ओल्या ताम्हिणीत मला तेच हवं असतं.

पावसाळा संपला की चाकं काढून आट्यांमधला चिखल ब्रशने साफ करतो आणि स्प्रिंगच्या रिंगा थोड्या फिरवून पुन्हा जागेवर आणतो, म्हणजे त्या जाम होत नाहीत. आता पुढच्या स्ट्रटवर कॅम्बर बदलता येणाऱ्या कॅम्बर प्लेट बसवायच्या आहेत.