हातचा न येणारा वर्ग

गेल्या आठवड्यात स्प्रेडशीटच्या एका चौकटीत मी १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या भरली आणि एंटर दाबताच शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्ये उमटली. असे तक्ते पंधराच सार्थ अंक जपतात आणि ही संख्या सतरा अंकी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील संज्ञा लावल्या, तर तिचा सर्वांत डावीकडचा १ ‘मध्य’ या स्थानी, म्हणजे परार्धाच्या एकच घर अलीकडे येतो. अखेर चौकटींची वही काढली.

ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. नऊ एकांना नऊ एकांनी गुणताना प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. मग उभ्या स्तंभांत एक, दोन, तीन असे चढत मधोमध नऊ एक साठतात आणि पुढे तसेच उतरत जातात. कोठेही हातचा येत नाही, म्हणूनच ती दोन्हीकडून सारखी वाचता येते. दहा एक घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते, हातचा डावीकडे सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर येऊन सममिती मोडते. सोळाच्या पायावर मोजणाऱ्या षोडशमान पद्धतीत मात्र पंधरा एकांपर्यंत ती टिकते. तेव्हा हा गुण संख्येचा कमी आणि आपल्या लेखनपद्धतीचा अधिक, असे माझे मत आहे.

अशा वर्गांना देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटले. आजच्या डोंबिवली, म्हणजे तेव्हाच्या डेम्लो, स्थानकावर त्या सुचल्या, म्हणून हे नाव. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या, त्यांच्याच ‘हर्षद’ संख्यांतही ही संख्या बसते, कारण तिच्या अंकांची बेरीज ८१ होते आणि ८१ ने तिला निःशेष भाग जाऊन १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग, मिळतो. ‘कापरेकर संख्या’ या कसोटीला मात्र १११११११११ उतरत नाही: तिच्या वर्गाचे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ असे दोन तुकडे करून मिळवले, तर मूळ संख्येऐवजी ९९९९९९९९९ येतात. हुकण्यातही एवढी शोभा असावी, याचे मला फार कौतुक वाटले. आणि गंमत म्हणजे ९९९९९९९९९ ही स्वतः कापरेकर संख्या आहे.

लेखनपद्धती बदलली तरी न बदलणारे गुण अवयवांत सापडतात. १११११११११ चे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असे आहेत, त्यामुळे तिच्या वर्गात ३ चा चौथा घात आणि ३७ व ३३३६६७ यांचे वर्ग येतात. घातांकांत एकेक मिळवून गुणाकार केला की ५ × ३ × ३ = ४५ विभाजक ठरतात; पूर्ण वर्ग असल्यामुळेच ही गणती विषम येते. स्वतःला वगळून उरलेल्या चव्वेचाळीस विभाजकांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरते, म्हणून तिची जागा न्यून संख्यांत, म्हणजे अशी बेरीज स्वतःहून कमी भरणाऱ्या संख्यांत, आहे.