‘स्मोक ऑन द वॉटर’: रिफ बसली, आता ऑर्गनचं बघू

मंडळी, डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचं हे गाणं थरावर थर चढवत घरीच रेकॉर्ड करायला घेतलंय, त्याची ही ताजी नोंद. गिटार झाली. हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) जवळपास झाला. ऑर्गनने मात्र घाम काढलाय.

आधी रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा. दुकानात गिटार हातात आली की जो तो पहिलं हेच वाजवून बघतो, आणि बहुतेक जण पॉवर कॉर्ड (खाली षड्ज, वर पंचम) दाबून वाजवतात. गाण्याचा मूळ गिटारवादक रिची ब्लॅकमोर तसं वाजवत नाही. चौथी तार आणि तिसरी तार, बस्स. दोन्ही मोकळ्या, मग तिसरा फ्रेट (गिटारच्या दांड्यावरचं घर), मग पाचवा. पुढच्या तुकड्यात पाचव्यावर येण्याआधी सहाव्याला शिवून यायचं. पेटीवाल्यांसाठी सांगतो: पट्टी पांढरी पाच. वरच्या सुराच्या, म्हणजे तिसऱ्या तारेवर सा, कोमल ग, म. मग सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म. शेवटी सा ग म ग सा, गंधार कोमलच. मोकळ्या तारा छेडल्या की खाली मंद्र पंचम आणि वर षड्ज, म्हणजे तानपुऱ्याच्या पहिल्या दोन तारा. पॉवर कॉर्डमध्ये हे उलटं होतं, षड्ज खाली जातो. आवाज जाडजूड होतो, पण धार जाते.

दुसरी गोष्ट पिकची, म्हणजे तारा छेडायच्या चकतीची. ब्लॅकमोर दोन्ही तारा बोटांनी एकदम ओढतो. पिकने एक तार आधी लागते, दुसरी मागून. फरक केसाएवढा, पण डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणं) चढवलं की कळतो. दोन्ही टेक स्क्रीनवर मोठे करून शेजारी ठेवले, तर पिकच्या टेकमध्ये प्रत्येक सुराच्या तोंडाशी दोन शेंडे दिसतात, बोटांच्या टेकमध्ये एकच. तेव्हापासून पिक डबीत. लयीचं म्हणाल तर पहिला तुकडा मात्रेवर पडतो आणि दुसरा मात्रेच्या अलीकडे, आड. लोक घसरतात ते इथेच.

आता थोडा इतिहास, कारण थरांचा क्रम मी त्यावरूनच ठरवलाय. डिसेंबर १९७१. बँड स्वित्झर्लंडमध्ये लेमान सरोवराच्या काठी माँत्रोला आला होता. तिथलं कॅसिनो हिवाळ्यापुरतं बंद होणार होतं आणि मग रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे रेकॉर्डिंगची सामग्री भरलेला ट्रक, बाहेर लावून आत अल्बम करायचा असा बेत. त्याआधीचा शेवटचा कार्यक्रम ४ डिसेंबरला, अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापा आणि त्याचा बँड मदर्स ऑफ इन्व्हेन्शन यांचा. प्रेक्षकांतल्या कोणीतरी छताकडे फ्लेअर गन (इशाऱ्याचा जळता गोळा सोडणारी बंदूक) झाडली आणि सगळं कॅसिनो जळून गेलं. माँत्रो जॅझ महोत्सवाचे क्लोद नोब्स स्वतः आत धावून पोरांना बाहेर काढत होते. गाण्यातला ‘फंकी क्लॉड’ तो हाच. (झापाचा महिनाच वाईट. सगळी वाद्यं जळाली, आणि आठवडाभरात लंडनच्या रेनबो थिएटरात एका प्रेक्षकाने त्याला स्टेजवरून खाली ढकललं.)

बिऱ्हाड हललं ते गावातल्या पॅव्हिलियन नावाच्या थिएटरात. तिथे रात्री या रिफवरचा ट्रॅक वाजवला. त्या आवाजाने शेजारपाजार जागा झाला, पोलीस आले, आणि टेक पुरा होईस्तोवर बँडच्या माणसांनी दार आतून दाबून धरलं. त्या वेळी गाण्याला ना शब्द होते ना नाव. थिएटर सोडावं लागलं. उरलेला अल्बम हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळांत, गाद्या उभ्या करून झाला. ट्रकपर्यंत जाऊन टेक ऐकायचा तर इतक्या खोल्या आणि बाल्कन्या ओलांडाव्या लागत की त्यांनी ऐकणंच सोडून दिलं! नाव सुचलं बेसवादक रॉजर ग्लोव्हरला, आगीनंतर काही दिवसांनी झोपेतून उठता उठता. मग त्या रिकाम्या ट्रॅकवर आगीचीच हकिगत बसवली.

आणि यात त्यांना हिट दिसलाच नाही. हा अल्बम, ‘मशीन हेड’, १९७२च्या मार्चमध्ये आला तेव्हा सिंगल म्हणून काढलं ‘नेव्हर बिफोर’. ते आज किती जणांना आठवतं? ‘स्मोक’ अमेरिकेत सिंगल म्हणून निघालं ते १९७३मध्ये, कापून आखूड करून, मागच्या बाजूला मैफिलीतली आवृत्ती लावून. बिलबोर्ड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. माझं मत विचाराल तर यात कंपनीच्या हुशारीपेक्षा ‘मेड इन जपान’चा हात मोठा. तो लाइव्ह अल्बम ऐकून लोकांनीच हे गाणं उचललं. इंग्लंडमध्ये तर सिंगल १९७७पर्यंत निघालंच नव्हतं.

तर क्रम असा: आधी वाद्यांचा ट्रॅक, गळा सगळ्यात शेवटी. मूळ गाण्यात गिटार एकटी सुरू होते, मग इयन पेसचा हाय-हॅट आणि जॉन लॉर्डचा ऑर्गन, मग बाकीचे ड्रम, आणि बेस सगळ्यात उशिरा. हाय-हॅट मात्रेत चार. मनगट सैल ठेवलं नाही तर शिलाई मशीन वाजतं, माझं अजून अधूनमधून वाजतंच.

ऑर्गन हॅमंड (विजेवर चालणारा ऑर्गन), आणि तोही गिटारच्या मार्शल अँपमधून, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्रातून, फाडलेला. रिफमध्ये अर्धा वजनदारपणा त्याचाच. लोक तो गिटारच्या खाती जमा करतात. हॅमंड कुठून आणणार, म्हणून घरची पेटी डिस्टॉर्शन पेडलमधून घेतली. नर आणि खर्ज दोन्ही सूर उघडले तर कल्ला छान होतो, पण माइक समोर ठेवला की भात्याचा श्वासही फाटून येतो, शिवाय पट्ट्यांची खटखट. माइक मागे, भात्यापासून लांब, झाकणाच्या फटीशी नेल्यावर श्वास बराच दबला. खटखट आहेच. पट्ट्यांखालचं फेल्ट बदलून बघणार आहे. कोणी केलं असेल तर किती जाडीचं घेतलंत ते सांगा. सोलोला अजून हात लावलेला नाही.