अठरा नग

अण्णांची बंदूक मला नको होती, हे आधीच सांगतो. नाहीतर "हौस होती ना, मग फिरा आता" म्हणणारे भेटतातच. बारा बोअरची दुनळी. रानडुकरं नाहीतर रोही तुरीत शिरले की रात्री मचाणावरून हवेत एक बार काढायचा, एवढंच तिचं काम. बाकी वर्षभर कपाटात, आणि दसऱ्याला पाटावर. अण्णा गेले तसा परवानाही संपला. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं की अशा वेळी हत्यार विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करायचं. वारसाला स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो, किंवा परवाना असलेल्याला ते विकता येतं. मला विकायचं होतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी जमा केली. अर्ध्या तासात काम झालं, ठाणे अंमलदारांनी चहासुद्धा पाजला. आणि घोळ तिथंच झाला. अण्णांचा पत्र्याचा डबा मी तसाच टेबलावर उपडा केला. त्यांनी मोजलं आणि पावतीवर लिहिलं : "१२ बोअर काडतुसे, १८ नग." मी सही केली.

त्यातल्या ११ रिकाम्या पुंगळ्या होत्या, म्हणजे बार उडाल्यावर मागं उरलेली काडतुसांची टरफलं. नवी काडतुसं घ्यायला गेलं की दुकानदार जुन्यांचा हिशेब विचारायचा, म्हणून अण्णा एकही टाकत नसत.

विक्रीच्या परवानगीसाठी जिल्ह्याच्या कार्यालयात अर्ज दिला. (पोच घ्याच, नुसतं "ठेवून जा" म्हटलं तर ठेवून येऊ नका.) पंधरा दिवसांनी गेलो तर टेबलावरच्या साहेबांनी परवान्याचं पुस्तक उघडून माझ्यापुढं सरकवलं. "एका वेळी १० ची मुभा आहे. तुमच्याकडं १८ निघाली. आठ जास्तीची कुठून आली?"

म्हटलं, "साहेब, अकरा रिकामी आहेत."

"पावतीवर रिकामी लिहिलंय का?"

नव्हतं लिहिलं. इथून पुढचे चार महिने या एका न लिहिलेल्या शब्दानं खाल्ले. पहिल्यांदा प्रतिज्ञापत्र मागितलं, दिलं. मग म्हणाले, प्रतिज्ञापत्र तुमचं, माल पोलिसांचा, त्यांचं पत्र आणा. ठाण्यात गेलो तर कळलं, काडतुसांच्या पाकिटाला लाखेचं सील लागलंय, उघडायचं तर पंच पाहिजेत आणि वरून पत्र पाहिजे. वरून पत्र मागायला परत त्याच टेबलावर. मध्येच निवडणुकीची आचारसंहिता लागली. तालुक्यातले सगळे बंदूकवाले आपापली हत्यारं जमा करायला ठाण्याच्या ओट्यावर बसलेले, मुद्देमाल खोलीत पाय ठेवायला जागा नाही. "निवडणुकीनंतर या" म्हणाले. निवडणुकीनंतर गेलो तर चहा पाजणारे अंमलदार बदलून गेलेले. एसटीचं तिकीट, झेरॉक्स, दुपारी एक ते तीन जेवणाची सुट्टी. सोयाबीन काढणी सुरू असताना दोन दिवस असे गेले, त्याचा राग अजून आहे.

शेवटी पाकीट पोलीस मुख्यालयात गेलं आणि तिथले आर्मरर, म्हणजे पोलिसांची हत्यारं सांभाळणारे, भेटले. पंचासमोर सील फोडून त्यांनी अठराच्या अठरा कागदावर ओळीनं मांडली. एक पुंगळी उलटी धरून मला म्हणाले, "हे बघा. पितळी बुडाच्या मधोमध ही टोपी. चाप ओढला की पिन हिच्यावर आदळते, हिच्यातला मसाला पेटतो, त्यानं दारू पेटते, तिचा धूर छर्रे पुढं ढकलतो. मागं राहते ती ही पुंगळी." टोपीवर खड्डा होता, तांदळाच्या दाण्याएवढा. पुंगळीचं तोंड उमललेलं, आत काजळी.

मग त्यांनी ओळीतल्या चार बाजूला केल्या. त्यांचा खड्डा थोडा कडेला सरकलेला. "ह्या डाव्या नळीच्या." पिनेचा असा वार प्रत्येक बंदुकीचा, आणि दुनळीत प्रत्येक नळीचा, वेगळा असतो. बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत, त्यामुळं छर्ऱ्यांवर तिची खूण राहत नाही. गुन्ह्याच्या जागी पोलीस पुंगळी शोधतात ती म्हणूनच. पिस्तूल रिकामी पुंगळी आपणहून बाहेर फेकतं, दुनळी मात्र मोडून उघडल्याशिवाय सोडत नाही.

लगेच सुटलो असं वाटलं, पण अजून एक निघालं. एका काडतुसाच्या टोपीवर खड्डा होता आणि तोंड मात्र मिटलेलं. पंचनामा लिहिणारा म्हणाला, "खड्डा आहे, रिकामी लिहू?" आर्मररनी ते त्याच्या तळहातावर ठेवलं. जड लागलं. नुसते छर्रेच तीसेक ग्रॅमचे असतात. "पिन बसली, पण पेटलं नाही. हे जिवंतच." म्हणजे ६ जिवंत, १ न उडालेलं, ११ रिकाम्या. त्या एकासाठी वेगळी ओळ लिहिली गेली. असं काडतूस घरात सापडलं तर ठोकू नका, चिरू नका, उन्हात ठेवू नका, ठाण्याला कळवा.

त्या पंचनाम्यानंतर परवानगी नऊ दिवसांत आली. साहेब म्हणाले, "आधीच आणायचं होतं ना हे." मी काही बोललो नाही.

बंदूक विक्रेत्यानं नेली. आलेल्या पैशात माझं चार महिन्यांचं जाणं-येणं निघालं, वर फार उरलं नाही. बारा बोअर म्हणजे काय, हे त्यानंच जाता जाता सांगितलं : एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक या नळीत नेमकी बसते.

एक राहिलं. जमा करायला जाताना पावती तिथंच वाचा. बंदुकीचा नंबर परवान्याशी पडताळा, आणि जिवंत किती, रिकाम्या किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. आणि त्याआधी घर नीट धुंडाळा.

कारण परवा दिवाळीची साफसफाई करताना आईनं देवघरामागून मोरपीस काढलं. ते एका लाल पुंगळीत खोचलेलं. ठाण्यात फोन लावला. पलीकडून विचारलं, "नग किती?"

"एक. पुंगळी आहे, रिकामी. टोपीवर खड्डा, तोंड उघडं. खड्डा कडेला आहे, म्हणजे डाव्या नळीची."

पलीकडं जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "घेऊन या, पण अर्ज तुम्हीच लिहून आणा."